चूल, हंडा आणि अबकारी : नंदुरबारच्या मोहाचा निर्णय कोणाच्या हाती?

१.
घरी बिअर बनवण्याचा छंद आता आपल्या महानगरांतही हळूहळू रुजतो आहे. वीस-पंचवीस लिटरचे पोलादी पातेले, त्याखाली मोठ्या आचेचा गॅसचा बर्नर आणि एक तापमापक एवढ्या सामग्रीच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर कौतुकाने पाहिल्या जातात. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, अशीच एक मांडणी पिढ्यानपिढ्या होत आली आहे : चूल, हंडा आणि पोकळ नळी. तिचे छायाचित्र मात्र आपल्यापर्यंत पोहोचते ते ‘हातभट्टी उद्ध्वस्त’ अशा मथळ्याखाली. कायद्याच्या अक्षरात पाहिले तर परवान्याविना दोन्ही कृती महाराष्ट्रात गुन्हाच आहेत. मग एकीला छंद आणि दुसरीला गुन्हेगारी ही नावे कशी पडली? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. थोडा दीर्घ आहे, पण शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२.
आधी तंत्र समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास तंत्राभोवतीच फिरतो. बिअरमध्ये अग्नी आधी येतो. मोड आणून वाळवलेले बार्ली गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायची, तो गोड रस हॉप्सच्या फुलांसह तासभर खळखळून उकळायचा, गार करायचा आणि मग त्यात यीस्ट सोडायचे. मद्यार्क तयार होतो तो त्यानंतर, शांतपणे, बंद भांड्यात. म्हणजे ज्या क्षणी बर्नर पेटलेला असतो त्या क्षणी पातेल्यात मद्य नसतेच; असतो तो केवळ गोड काढा. घरच्या शेगडीवर एवढा रस उकळायला फार वेळ लागतो, म्हणून वेगळा बर्नर लागतो, इतकेच.

३.
मोहाचे उलट आहे. वाळवलेली फुले पाण्यात भिजत घालतात. फुलांतच साखर भरपूर असल्याने काही दिवसांत ती आंबतात. मद्यार्क इथेच तयार होतो, चुलीआधी. त्यानंतर तो आंबलेला रस हंड्यात घालून मंद आचेवर ठेवतात. मद्यार्क साधारण ७८ अंश सेल्सियसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना, त्यामुळे वर जाणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण अधिक असते. ती वाफ गार करून नळीवाटे थेंबथेंब दुसऱ्या भांड्यात उतरवली की झाले ऊर्ध्वपातन. इथे आच मोठी करणारा अडाणी ठरतो. फुले करपली की सारा घाणा वाया जातो. या कामातले कौशल्य मंद आच सांभाळण्यात आहे.

४.
हा फरक केवळ रसायनशास्त्राचा नाही. आंबवण जमिनीत, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस न पडता होते. चूल मात्र धूर सोडते, हंडा काळा पडतो, वास दूरवर जातो. म्हणून महसूल गोळा करणाऱ्या यंत्रणेने जेव्हा जेव्हा मद्यावर ताबा मिळवायचे ठरवले, तेव्हा तिचा हात नेमका हंड्यावर पडला. नंदुरबारचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या हंड्याच्या आधाराने वाचता येतो. तो कोणी फोडला, कोणत्या हेतूने फोडला आणि त्या वेळी त्या घरातल्या माणसांना कोणी विचारले का, हे मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात.

५.
पण मोह म्हणजे दारू, हे समीकरण प्रथम बाजूला ठेवूया. मार्च-एप्रिलमध्ये, ऐन टंचाईच्या दिवसांत, पहाटे झाडाखाली मांसल, गोड फुलांचा सडा पडतो. ती वेचण्यात स्त्रियांचा आणि मुलांचा वाटा मोठा असतो. वाळवलेली फुले घरात अन्न म्हणून साठवली जातात, धान्यासोबत शिजवली जातात, गुरांनाही घातली जातात. बियांचे तेल निघते. भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांत जन्म, विवाह, मृत्यू आणि सण या सर्व प्रसंगी देवांना आणि पूर्वजांना मोहाची धार जमिनीवर सोडण्याची रीत आहे. म्हणजे हंडा हा स्वयंपाकघराचा भाग होता आणि देवघराचाही. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तिथे ही काही कोपऱ्यातली गोष्ट नव्हे.

६.
आता ‘अबकारी’ या शब्दाकडे येऊ. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘कारी’ म्हणजे करणे. मद्य गाळण्याच्या धंद्याचे हे नाव पुढे त्यावरील कराचे नाव झाले. कृतीचे नाव करालाच चिकटले, हे बोलके आहे. कंपनी सरकारच्या काळात मद्याचे हक्क मक्त्याने दिले जात. सर्वांत मोठी बोली लावणारा मक्तेदार आपल्या प्रदेशात मद्य गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळवी. डोंगराळ भागात घरोघरच्या हंड्यांवर नजर ठेवणे त्यालाही अवघड होते आणि सरकारलाही.

७.
१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. धोरण असे की मद्य सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीत गाळले जावे, तिथेच त्याची तीव्रता मापकाने मोजली जावी, त्यानुसार गॅलनमागे कर घेतला जावा आणि मग ते परवानाधारक दुकानांत जावे. यामागची प्रेरणा लोकांची व्यसनमुक्ती ही नव्हती. कर बसवायचा तर वस्तू मोजता आली पाहिजे. हजारो झोपड्यांतले हजारो हंडे मोजणे अशक्य, म्हणून ते बेकायदा. ज्या इलाख्यात जमीनमहसुलाच्या खालोखाल अबकारीचे उत्पन्न मोठे होत गेले, तिथे सरकारला लोकांनी दारू सोडणे परवडणारे नव्हतेच. लोकांनी प्यावी, पण दुकानातून विकत घेऊन प्यावी, असा तो कायदा होता.

८.
हंडा पकडणे अवघड जाऊ लागले तेव्हा नियंत्रण एक पायरी मागे सरकले आणि फुलावर गेले. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात खास मोहफुलांविषयीचा कायदा झाला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘म्हौरा ॲक्ट’ असे येते. झाडावरून पडलेले फूल, जे अन्न होते, चारा होता आणि देवाचे होते, ते आता ‘दारूचा कच्चा माल’ म्हणून शासनाच्या दफ्तरात नोंदले गेले. एखाद्या वस्तूचे दहा उपयोग असावेत आणि राज्यसंस्थेने त्यांपैकी एकच उपयोग हेच तिचे स्वरूप ठरवावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

९.
नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते? १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर रद्द करून थेट बिअरवर कर बसवला. त्यामुळे घरी बिअर बनवणाऱ्याला परवाना घेणे आवश्यक झाले. तर्क तोच, मोजमापाचा. पण तिथल्या शेतकऱ्याला निदान परवान्याची खिडकी उघडी होती. खानदेशातल्या भिल्लासाठी ती उघडलीच नाही. पुढे १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो परवानाही रद्द केला आणि इंग्लंडमधले घरगुती पातेले मुक्त झाले. अमेरिकेत अशीच मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. आज जगभर पसरलेल्या बिअरच्या छंदामागे हे दोन निर्णय आहेत. छंदाला आधी कायद्याने जागा करून द्यावी लागते, हे त्यातून ध्यानात यावे.

१०.
आपल्याकडे मात्र हंड्याची जागा दुकानाने घेतली. दक्षिण गुजरात आणि लगतच्या डोंगरी पट्ट्यात ही दुकाने बहुतांशी पारशी व्यापाऱ्यांकडे होती. उधारीवर दारू, उधारीपोटी धान्य, मजुरी आणि अखेर जमीन, असे चक्र फिरू लागले. इथे दोष एखाद्या समाजाचा नव्हता; ती मक्त्याच्या आणि परवान्याच्या व्यवस्थेची अटळ परिणती होती. घरी गाळलेली दारू प्रसंगाने, वाटून प्यायली जाई आणि फुले संपली की संपे. दुकानातली दारू वर्षभर, रोज आणि रोकडीवर किंवा कर्जावर मिळे. व्यसनाचा इतिहास लिहिताना हा बदल वगळला, तर सारा दोष आदिवासींच्या ‘स्वभावावर’ येतो. दुर्दैवाने बहुतेक लेखन तसेच झाले आहे.

११.
या पार्श्वभूमीवर १९२२ साल येते. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत देवीच्या रोगाच्या निमित्ताने सुरू झालेली एक उपासना घाट चढून आदिवासी पट्ट्यात शिरली आणि तिचे रूप बदलले. सलाबाई नावाची देवी लोकांच्या अंगात येऊ लागली आणि तिच्या मुखाने आज्ञा होऊ लागल्या : दारू आणि ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, मद्यविक्रेत्याकडे कामाला जाऊ नका. डांग, सुरत जिल्हा आणि पुढे पश्चिम खानदेश असा तिचा प्रवास झाला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांचा १९८७ चा ‘द कमिंग ऑफ द देवी’ हा ग्रंथ याच चळवळीवर आहे. धाग्याच्या वाचकांनी तो अवश्य मिळवून वाचावा.

१२.
पाठ्यपुस्तकी वाचनात ही घटना ‘गांधीजींच्या दारूबंदीचा आदिवासींवरील प्रभाव’ अशा एका ओळीत संपते. वस्तुतः क्रम निराळा आहे. चळवळ आदिवासींनी स्वतः उभी केली आणि राष्ट्रीय चळवळीचे कार्यकर्ते तिच्यापर्यंत नंतर पोहोचले. जी दारू आता आपली राहिली नाही, जी आपल्याला कर्जात ढकलते, ती न पिणे हा त्या काळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बहिष्कार होता. सरकारला चिंता वाटली ती अबकारीच्या घटत्या उत्पन्नाची, हे विसरू नये.

१३.
हाच धागा पुढे तळोदा परिसरात दिसतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराजांनी ‘आप’ धर्माची शिकवण दिली. दारू सोडणे, स्वच्छता आणि एकमेकांना ‘आप की जय’ म्हणून अभिवादन करणे ही तिची ठळक अंगे होती. त्यांच्या पश्चात बंधू रामदास महाराजांनी हे कार्य चालवले. ‘आप’ या संबोधनाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्यांना सावकार, जमीनदार आणि शिपाई एकेरीने हाक मारत, ते परस्परांना आदरार्थी बोलू लागले. इथे हंडा बाजूला ठेवणे हे स्वाभिमानाचे कृत्य होते, आणि ते ज्याचे त्याने केले होते.

१४.
स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या बंदीला मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान दिले. त्याआधीच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला होता. हेतू बदलला, महसुलाऐवजी नीती आली. पण यंत्रणा जुनीच राहिली. मद्य गाळण्यासाठीचे साहित्य, भांडे किंवा उपकरण बाळगणे हाही या कायद्याने गुन्हा आहे आणि मोहफुलांवरचे नियंत्रणही त्यात कायम राहिले. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल होत गेली, परवान्याची दुकाने गावोगाव आली. घरच्या हंड्यावरची बंदी तेवढी सैल झाली नाही. परिणामी आपण पुन्हा १८७८ च्याच जागी आलो : प्यावी, पण दुकानातून.

१५.
आणि आता शहादा. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे जमिनी गमावलेल्या भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे मोठे नाव, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. या चळवळीतल्या स्त्रियांनी शिबिरात एकत्र आल्यावर जो प्रश्न मांडला तो नवऱ्याच्या दारूचा आणि मारहाणीचा होता. मग त्या गावोगाव गेल्या, गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिले आहे. मोहाच्या परंपरेचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने हे पान आधी वाचावे. फुले वेचणाऱ्या हातांनीच इथे मडके फोडले होते.

१६.
तेव्हा नंदुरबारच्या भूमीवर हंडा तीनदा फुटला, तीन निरनिराळ्या हातांनी. सरकारने फोडला, कारण तो मोजता येत नव्हता. देवीच्या आणि गुलाम महाराजांच्या अनुयायांनी तो बाजूला ठेवला, कारण दारू गुलामीचे साधन झाली होती. शहाद्याच्या स्त्रियांनी फोडला, कारण घरात मार त्यांना पडत होता. या तिन्ही घटनांना ‘दारूबंदी’ हे एकच नाव देणे ही इतिहासाशी अप्रामाणिक वागणूक आहे. पहिल्यात निर्णय बाहेरून लादला गेला. उरलेल्या दोन्हींत तो ज्यांना त्याचे परिणाम भोगायचे होते त्यांनी घेतला.

१७.
हाच हंडा दुसऱ्या सत्तेखाली कसा जगला, हे पाहायला गोव्यात जावे लागते. काजूची फेणीही छोट्या भट्टीवरच उतरते. आंबवलेला रस, हंडा, आच आणि थंडावा हे तत्त्व तेच. पण गोव्यावर मुंबईचा अबकारी कायदाही नव्हता आणि १९४९ चा दारूबंदी कायदाही नव्हता. १९६४ च्या गोवा अबकारी कायद्याने छोट्या भट्ट्यांना परवान्याच्या चौकटीत घेतले. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून गौरवले. मोह कमी प्रतीचा आणि काजू उच्च प्रतीचा, असा काही निसर्गनियम नाही. फरक कायद्याने केला, आणि प्रतिष्ठा कायद्यामागून आली.

१८.
इतके दूर जायचे नसेल तर जिल्ह्याच्या सीमेवर उभे राहा. पश्चिमेला गुजरात : १९४९ च्याच कायद्याचा वारस आणि संपूर्ण दारूबंदी. उत्तरेला, नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेश : तिथे अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना घरगुती वापरापुरते मद्य गाळण्याची मर्यादित सूट आहे. मध्ये आपण : दुकान चालू, हंडा बंद. डोंगर एक, फूल एक, नातीगोती एकमेकांत गुंफलेली. नदी ओलांडली की तीच आजी गुन्हेगार ठरते किंवा ठरत नाही. कायद्याला नैतिक पाया असतो असे आपण म्हणतो. त्या पायाची रुंदी नर्मदेच्या पात्राइतकीच असावी का?

१९.
अलीकडे वारे बदलत आहेत. पुण्यात २००९ पासून जागच्या जागी बिअर बनवून देणारी परवानाधारक केंद्रे सुरू झाली. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, वाहतूक आणि साठवण यांवरचे निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून बाजारात आणण्याचे धोरण स्वीकारले. याचे स्वागत आहे, पण एक सावधगिरीही हवी. फूल मुक्त झाले आणि हंडा मात्र मोठ्या कारखान्यांच्याच हाती गेला, तर नंदुरबारची स्त्री पुन्हा कच्चा माल विकणारी राहील. १८७८ मध्ये भट्टी मध्यवर्ती झाली होती. आता ती आकर्षक बाटलीच्या रूपात मध्यवर्ती होईल.

२०.
यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला : बिअर आणि ऊर्ध्वपातन यांची तुलना चुकीची आहे. मान्य. १९६३ च्या इंग्लंडने किंवा १९७८ च्या अमेरिकेने घरगुती भट्टी मोकळी केली नाही, बिअर केली. तीव्र मद्याचे नियमन अधिक काटेकोर असावे, हे योग्यच आहे. दुसरा : विषारी दारूचे बळी. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. पण ते विष औद्योगिक मिथेनॉलचे होते. जिथे दारू अनोळखी गिऱ्हाइकाला विकली जाते तिथे भेसळ शिरते. स्वतःच्या देवाला धार सोडण्यासाठी गाळलेल्या मोहात कोणी कारखान्यातले रसायन ओतत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जड : मारहाण आणि उद्ध्वस्त संसार. त्याला माझ्याकडे परंपरेचा दाखला देणारे उत्तर नाही, आणि असूही नये.

२१.
म्हणूनच माझे मत ‘हंडा मुक्त करा’ एवढे सोपे नाही. माझे म्हणणे असे की निर्णयाची जागा बदलली पाहिजे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील पंचायती आणि ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आणि गौण वनोपजाची मालकीही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णतः आणि शहादा, नंदुरबार अंशतः या क्षेत्रात येतात. केंद्रीय कायद्याच्या त्या कलमात विक्री आहे, सेवन आहे. निर्मिती हा शब्द नाही. फूल गावाचे, पिणे गावाच्या अखत्यारीतले, आणि मधला हंडा तेवढा अबकारीचा, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

२२.
त्यासाठी एक अट मात्र कठोरपणे पाळावी. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मतदानाची, ‘उभी बाटली, आडवी बाटली’ची, पद्धत आहेच. घरगुती आणि विधीपुरत्या मोहाची सूट द्यायची की नाही, किती द्यायची, कोणत्या दिवसांपुरती द्यायची, हेही प्रत्येक गावातल्या स्त्रियांच्या बहुमतानेच ठरावे. एखादे गाव हो म्हणेल, शेजारचे गाव नाही म्हणेल. दोन्ही निर्णय सारखेच मान्य असावेत. सलाबाईच्या भक्तांचा आणि शहाद्याच्या स्त्रियांचा वारसा यातच आहे. दारू असावी की नसावी याविषयी त्यांचे मत काहीही असो, ते ठरवण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे घेतला होता.

२३.
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम. जप्तीच्या पंचनाम्यांत हंडे, नळ्या आणि फुले यांची नोंद ‘मुद्देमाल’ अशी होते. त्या भांड्यांना भिली, पावरी आणि मावची बोलींत स्वतःची नावे आहेत; आच कधी कमी करायची, पहिली धार कोणाला द्यायची याचे नियम आहेत. तुमच्या घरात, गावात ही नावे माहीत असणारी म्हातारी माणसे असतील तर ती लिहून घ्या आणि ज्यांनी मडके फोडले त्या आजींची हकिगतही तितक्याच आस्थेने लिहून घ्या. एकीशिवाय दुसरी नोंद अपुरी राहील. उत्तरांत ती नावे जरूर कळवा. बोलीचा आणि गावाचा उल्लेख करायला विसरू नका.